चौथ्या प्रकरणातला वादक

४ फेब्रुवारी

प्रिय दणकावहिनी,

तळटीपचा स. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, फोनवर धड उत्तर नाही, म्हणून मीच लिहायला बसले. गेल्या महिन्यात विभागप्रमुखाचा फोन आला होता. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारा तो आता विभागप्रमुख आहे, काय दिवस आलेत बघ. तो म्हणाला, तुझा प्रबंध परीक्षकांनी मान्य केला आहे, तोंडी परीक्षा एप्रिलच्या मध्यावर ठेवली आहे, फक्त उमेदवारबाईंचा होकार येत नाही. म्हणून मी तुला फोन केला. तारीख चालेल का विचारलं, तर तू म्हणालीस, बरा आहे गं, दवाखान्यात दातांच्या गर्दीत बुडालाय. मी काही दादाची तब्येत विचारली नव्हती. मग मी मुद्दाम कळ काढली, की मोक्षाच्या बाबतीत माणसाच्या इच्छेला काही किंमत नाही हे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मसुधारकांचं म्हणणं तू अजून मान्य केलेलं नाहीस. एरवी तू फोनमधून बाहेर आली असतीस. या वेळी नुसती गप्प.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू मौन लावलं होतंस. आपल्या खोलीतला नियम गं, वाद हातघाईवर आला की रेकॉर्ड लावायची, दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि जी आधी तोंड उघडेल तिने मुद्दा सोडून द्यायचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मीही हूं की चूं न करता फोन ठेवला आणि आजवर गप्प बसले. आता हरले म्हण.

त्या दिवसापासून ती खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. लोखंडी खाटा, एका बाजूचा स्पीकर गेलेला तो प्लेअर, आणि खिडकीत वाळत घातलेले आपले काळे शर्ट. तुझी नि माझी ओळख झाली ती ग्रंथालयात. धर्मसुधारणेवरचं एकच जाडं पुस्तक दोघींना हवं होतं. तू टेबलावर बोटांनी ड्रम वाजवत बसली होतीस आणि मी तुला सांगितलं की तिसरा ठोका चुकतोय. ग्रंथपालबाईंनी दोघींना बाहेर काढलं, पुस्तकासकट. मग व्हरांड्यात बसून आपण आधी आपल्या लाडक्या, कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडच्या ड्रमरवर भांडलो आणि मग चर्चने विकलेल्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांवर. ‘एक बाजू, एक प्रकरण’ हे तेव्हाच ठरलं. रेकॉर्डची एक बाजू ऐकायची, एक प्रकरण वाचायचं. मला अजूनही ‘कुणाला मोक्ष ते देवाने आधीच ठरवलंय’ ही पूर्वनियती शिकवताना मागे गिटार ऐकू येते, मुलांना हे सांगायची सोय नाही.

तुझा प्रबंध लेकीच्या जन्मानंतर ट्रंकेत गेला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण बोलले नाही. इतक्या वर्षांनी तू तो बाहेर काढून पुरा केलास. चौथं प्रकरण तर मी तीनदा वाचलं. स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा सुधारक चर्चच्या उपासनेतून वाद्यं बाहेर काढतो, ते तू इतकं स्वच्छ मांडलंयस की कुठे बोट ठेवायला जागा नाही. तेव्हा मौन पुरे झालं. होकार कळव.

लोभ आहे तसाच राहू दे, मात्र त्याने अधूनमधून आवाज करावा.

तुझी,
तळटीप


२ मार्च

चि. तळटीपला अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर नवराबायकोतलं बहिणीला सांगायची माझी सवय नाही. तुझ्या वहिनीचं काय बिनसलंय ते मला कळेनासं झालंय. घरी ठीक असते. जेवताना समोर बसली की नीट बोलते, थट्टाही करते. दवाखान्यात मदतीला असते तेव्हा मात्र माझ्याकडे ढुंकून बघत नाही. मी तोंडाला मास्क लावून एखाद्या दातावर वाकलेलो असतो, अमुक पेशंटला पुढच्या आठवड्यात बोलाव म्हणून सांगतो, आणि ही शांतपणे त्याला चहा विचारते. परवा एका बाईंची दाढ काढायची म्हणून मी तिला सांगितलं, तिने त्यांना घरी जायला सांगितलं. बाई आनंदाने गेल्या, ते सोड.

आणि ती तुमची गाणी. पूर्वी निदान दार लावून ऐकायची. आता इतक्या मोठ्याने लावते की खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले होते. मी म्हटलं, जरा हळू कर, तर माझ्याकडे पाठ करून स्पीकरवर हात ठेवून बसून राहिली. उत्तरसुद्धा दिलं नाही. विद्यापीठाचं पत्र आलंय ते टेबलावर पडून आहे. विचारलं तर म्हणते, बघू.

मला दातांपलीकडचं फारसं समजत नाही, हे तुम्ही दोघींनी मला पुरेशा वेळा ऐकवलं आहे. पण तिचं मन माझ्यावरून उडालं असेल तर मला ते कळायला हवं. तुझ्याशी ती बोलते. जरा विचारून बघ.

तब्येतीला जप. डावीकडची दाढ दाखवायला ये.

तुझा,
दादा


९ मार्च

प्रिय दणका,

स. न. वि. वि.

आज थट्टा नाही. दादाचं पत्र आलं. समोर बसल्यावर तू बोलतेस, आणि त्याने मास्क लावला की बोलत नाहीस. पाठ असली की उत्तर देत नाहीस. फोनवर भलतंच उत्तर देतेस. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले दोन उल्लेख शेजारी ठेवून तिसरी गोष्ट शोधत आले आणि माझ्या वहिनीच्या बाबतीत ते मला सुचलं नाही. तू मौनात आहेस असं समजून मी मजेत बसले होते, याचा मला राग येतोय, माझाच.

तुला ऐकू येत नाही का गं? खरं सांग. ओठ बघून चालवतेस का? दादाला मी काही कळवलेलं नाही.

तुझीच,
तळटीप


१६ मार्च

प्रिय तळटीप,

दणक्याचा स. न. वि. वि.

अखेर पकडलंस. मला वाटलंच होतं की मला पकडलं तर तूच पकडशील.

हो. दीड-दोन वर्षं झाली. आधी सिंबल गेले, ड्रमवरच्या त्या झांजा. मला वाटलं, रेकॉर्ड झिजली. मग गाणाऱ्याचे शब्द गेले. तेही चाललं, कारण शब्द तोंडपाठच होते, मी मनातल्या मनात भरून काढायचे. आता बेस, तो खालचा घुमारा, तेवढा उरलाय आणि तोही कानात नाही, तळहातात. म्हणून स्पीकरवर हात ठेवून बसते. कानाच्या डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. ते म्हणाले, नस निकामी होत चालली आहे, यंत्राने आवाज वाढेल पण बोलणं गढूळच पोचेल. तरुणपणी काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धर्मशास्त्र. खोटं नव्हतं.

तुझ्या दादाला सांगायचं राहून गेलं. आधी वाटलं, बरं होईल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कसं सांगू. तो मोठ्याने बोलायला लागेल, प्रत्येक शब्द दाढ काढल्यासारखा सुटा सुटा. ते मला सोसवणार नाही.

परीक्षेला मी बसणार नाही. तू चिडशील, पण ऐक. टेबलापलीकडे अनोळखी माणसं, ती कागदात बघत बोलणार, एकमेकांत कुजबुजणार. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे भिकाऱ्यासारखी बघत बसणार आणि विचारलं एक तर सांगणार दुसरंच. मला बिनडोक समजलेलं चालणार नाही तळटीप, त्यापेक्षा प्रबंध परत ट्रंकेत गेलेला बरा. आणि सवलत मागायची तर तेही नको. बिचारी म्हणून मिळालेली पदवी घेऊन मी काय करू? इतरांनी दिली तशी परीक्षा देता आली असती तर दिली असती.

परवा आपल्या खोलीची आठवण आली. तुला ठाऊक आहे, पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाइपात एक घरघर व्हायची, आणि तू झोपेत म्हणायचीस, बेसवाला आला. तो आवाज मला जसाच्या तसा आठवतो. कालचा तुझ्या दादाचा आवाज मात्र आठवायला गेले तर आठवेना. त्याची फार भीती वाटली.

माझ्यावर रागावू नकोस. रागावलीस तर लिहून रागव.

तुझीच,
दणका


२२ मार्च

प्रिय दणका,

स. न. वि. वि.

लिहूनच रागावते.

तू प्रबंधाच्या पहिल्या तीन प्रकरणांत काय लिहिलंयस? कृपा कमावता येत नाही. ती विकत मिळत नाही, पुण्याच्या बदल्यात मिळत नाही, ती येते तेव्हा येते आणि माणसाने ती रिकाम्या हातांनी घ्यायची असते. मी तुझी वाक्यं तुलाच वाचून दाखवतेय. आणि परीक्षकांनी प्रश्न लिहून विचारावेत म्हणून एक फळा आणि खडूचा तुकडा मात्र तुला घ्यायचा नाही, कारण तो तू कमावलेला नाहीस. आपल्या सुधारकांनी अशा बाईला काय म्हटलं असतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. स्वतःच्या पुण्याईवर स्वर्गात निघालेली, असंच म्हटलं असतं.

फळ्यावर प्रश्न लिहिल्याने प्रश्न सोपा होत नाही. उत्तर तुलाच द्यायचं आहे. विभागप्रमुखाला एवढंच कळवायचं की प्रश्न लिहून विचारा. तो वर्गात झोपायचा, पण माणूस चांगला आहे.

दादाला सांग. त्याला वाटतंय तुझं मन त्याच्यावरून उडालं. तो शिंप्याला समजावतो, पेशंटला समजावतो आणि एकटा बसून विचार करतो की आपलं काय चुकलं. हे तू होऊ देणार आहेस का?

मी तुझी नणंद नंतर झाले, आधी मैत्रीण. मला या जगात तुझ्याइतकं कुणी भांडायला मिळालं नाही. तू पुन्हा ट्रंक बंद केलीस तर मी कुणाशी बोलू? हे माझ्या स्वार्थाचं आहे, पण खरं आहे.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
तळटीप


३० मार्च

प्रिय तळटीप,

स. न. वि. वि.

काल तुझ्या दादाला सांगितलं. तो तसाच उठून दवाखान्यात गेला. मला वाटलं, चिडला. परत आला तो मास्कचा खोका घेऊन, आणि विचारायला लागला की समोर पारदर्शक असलेले मास्क कुठे मिळतात. मग आम्ही दोघंही रडलो. तो मोठ्याने बोलायला लागलाच आहे, त्यावरून आज सकाळी भांडण झालं.

विद्यापीठाला पत्र टाकलं. फळ्याचंही लिहिलं. तेवढी ओळ तीनदा खोडली.

तुझ्या कॉलेजच्या परीक्षा त्याच आठवड्यात आहेत, तेव्हा तुला येता येणार नाही हे कळलं. दादा येतोय म्हणतो. तो काय करणार तिथे, देव जाणे.

तुझीच,
दणका


१७ एप्रिल

चि. तळटीपला अनेक आशीर्वाद.

काल परीक्षा झाली. तुझी वहिनी थकून झोपली आहे आणि तुला सगळं सविस्तर लिही अशी मला आज्ञा आहे.

दवाखाना बंद ठेवला. खोलीत लांब टेबल, त्यापलीकडे विभागप्रमुख धरून तीन प्राध्यापक, मागे चार ओळी खुर्च्या, त्यांतल्या शेवटच्या ओळीत मी. बाहेरून आलेले परीक्षक फार विद्वान म्हणे. मिशा अशा की वरचा ओठ नाहीच. दाताचा डॉक्टर म्हणून सांगतो, त्यांचे पुढचे दात मला एकदाही दिसले नाहीत. तुझ्या वहिनीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पण विभागप्रमुखांनी फळा पुसूनच ठेवला होता. ते उठले, खडू त्या परीक्षकांच्या हातात दिला, आणि सगळं सुरू झालं.

तळटीप, मला त्यातलं काही समजलं नाही. पण आपली माणसं जिंकतायत की हरतायत हे न समजताही कळतं. ते गृहस्थ प्रश्न लिहायचे, ही वाचायची आणि प्रश्नाचं शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत उत्तर सुरू करायची. एकदा त्यांनी लिहिलेलं वाक्य चूक आहे म्हणून तिने उठून खोडलं. मी घाबरलो, पण ते हसले. निदान मिशा तरी हलल्या.

शेवटी त्यांनी लिहिलं, प्रबंधात आज काही बदलावंसं वाटतं का? मला वाटलं, ही नाही म्हणेल आणि सुटेल. ही म्हणाली, हो, चौथं प्रकरण चुकलंय. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. ती म्हणाली की तिथे एका वादकाची गोष्ट आहे, ज्याने आपल्या हाताने वाद्यं बंद केली. खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढाव्यात तशी त्याने ती काढली, असं तिने लिहिलं होतं. त्याची कारणं सगळी बरोबर लिहिली. पण तो माणूस संध्याकाळी घरी गेल्यावर त्याचं काय झालं असेल, हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं. आता माहीत आहे, म्हणाली. बंद केलेलं संगीत थांबत नाही, ते माणसाला एकट्यालाच ऐकावं लागतं.

त्या मिशीवाल्या गृहस्थांनी खडू खाली ठेवला आणि फळ्याचं भान विसरून तोंडानेच काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी शेवटच्या ओळीत उभा राहिलो आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी तिला सांगितलं की ते विचारतायत, तुम्हाला अजून ऐकू येतं का ते संगीत.

ती माझ्याकडे बघतच म्हणाली, येतं. फक्त कधी येईल, किती मोठ्याने येईल, ते माझ्या हातात नसतं.

त्यावर तिन्ही प्राध्यापक एकमेकांकडे बघत राहिले. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं की पदवी दिली आहे, चौथं प्रकरण तेवढं नव्याने लिहून द्यायचं. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, त्या एका वाक्यात असं काय होतं की तीन विद्वान गप्प झाले? ती म्हणाली, तळटीपला विचार, मला आता बोलवत नाही.

म्हणून तुला विचारतो. तुम्हा दोघींच्या त्या खोलीत मी कधी नव्हतो, आणि मला ते कधी खटकलंही नाही. काल खटकलं. सोप्या शब्दांत लिही, आणि घाई करू नकोस. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

माया आहे तेवढी असू दे, आणि उत्तर मोठं लिही.

तुझा,
दादा