कास्तान्याखाली उघड्या डोक्यानं

आक्रे, मार्चअखेर

आपल्या बापांनी चाळीस वर्षं राखलेल्या जंगलाला ज्या कारकुनानं ‘पडीक जमीन’ म्हटलं, त्याच्यावर माझ्याइतकेच चिडलेले थोरले वल्देमिर दाजी यांना मेहुणा जुरांदिरचा नमस्कार.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. शहरात लेकीकडं आराम करा. इथं लिंदाल्वाताई गुरं, कोंबड्या आणि मी, तिघांवरही एकाच आवाजात ओरडते.

दाजी, झाडं उभी असली तर जमीन तुमची नाही आणि कापून गवत लावलं तर तुमची, हा न्याय कुणी काढला ठाऊक नाही. पण आपण तो पाळला. तुम्ही जंगल कापलं, मी युनियनचा पुढारी होऊन ते वाचवायची भाषणं केली. (जमिनीचा कागद तुम्हाला मिळाला, मला टाळ्या.) आता ओढ्याकाठचा पट्टा तेवढा उरलाय, आणि तोही कापायला तुम्ही करवतवाल्या एवांद्रोला सांगून गेलात. तो वाचावा म्हणून मागच्या रविवारी मी तुमच्याच कुरणात सभा घेतली. (परवानगी ताईची. म्हणजे ती नाही म्हणाली नाही.)

कायदा कास्तान्याच्या झाडाला हात लावू देत नाही, म्हणून तुमचा कास्तान्या कुरणाच्या मधोमध उभा आहे, वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात राहिलेल्या नवरदेवासारखा. आपल्या लहानपणी पावसाळ्यात त्याच्याखाली कुणी थांबत नसे. नारळाएवढं, दगडासारखं फळ शंभर हातांवरून डोक्यात आलं की माणूस थेट परमेश्वराच्या दारात. जुन्या सवयीनं मंडळी लांब कुंपणाशीच उभी राहिली. मी नेमका तोच मुद्दा धरला. टोपी काढून बुंध्याला टेकलो आणि म्हटलं, बंधूंनो, भिऊ नका. याच्या फुलांवर येणारी मोठी मधमाशी जंगलात राहते. जंगल गेलं, माशी गेली, फळ बंद झालं. माझं शाबूत डोकं हाच पुरावा. सव्वा तास बोललो. मंडळी एकेक पाऊल पुढं सरकली. जंगलतोडीच्या कारणांपैकी गुरं झाली, रस्ते झाले, लाकूडवाल्यांकडं वळणार, तोच वरून एक फळ सुटलं आणि चर्चमधून मागून आणलेल्या कर्ण्याची परात झाली.

मंडळी पुन्हा कुंपणाशी. ताई शांतपणे म्हणाली, “जुरांद्या, लाकूडवाले राहू दे. झाडालाही ऐकवेना.” म्हातारी ओझमारिना म्हणाली, “तुझा तो पुरावा जरा बाजूला घे बाबा, दुसरं सुटेल.”

घरी येऊन विचार केला. फुलाचं फळ व्हायला सव्वा वर्ष लागतं. म्हणजे तेव्हा कुठून तरी माशी आली होती. आणि आसपास जंगल म्हणावं असं काही असेल तर तुमचा तो पट्टा. माझं भाषण चुकलं, मान्य. पण ते चुकलं तुमच्या पट्ट्यामुळं. तो गेला की मी बरोबर ठरेन, आणि मला तसं बरोबर ठरायचं नाही.

तुमचा
जुरांदिर

ता. क. कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो. मी तीन गाई घेतल्यात. (युनियनला ठाऊक नाही.) पोर आजारी पडलं तर झाड विकून औषध आणता येत नाही, गाय विकून येतं. त्यांना गवत हवं, म्हणून घरामागचं रान काढलं. (करवत एवांद्रोचीच.) आता दुपारी त्या तुमचं कुंपण ओलांडून पट्ट्यात जाऊन बसतात. दुसरीकडं कुठं सावली नाही.

पुन्हा ता. क. तेव्हा पुढाऱ्याचं नका ऐकू, एका गाईवाल्याचं ऐका. एवांद्रो सोमवारी निघतोय. शनिवारच्या आत त्याला फोन करा आणि येऊ नकोस म्हणून सांगा.