अकरा हिवाळे वापरलेली व्हॅन

३ नोव्हेंबर, सोमवार. बाहेर उणे दोन.
व्हॅन आली. पांढरी, बाजूला निळा पट्टा. आत पलंग, शेगडी, बेसिन, हीटर, आणि कपाटाएवढ्या जागेत संडास. मेनो एकदा आत डोकावला, छान आहे म्हणाला आणि जेवायला बसला. माझ्या नवऱ्याला आनंद दाखवता येत नाही. झाला असणारच.
विकणारं जोडपं विनिपेगचं, वयस्कर, सज्जन. अकरा हिवाळे याच गाडीत काढले, असं त्यांनी आपणहून सांगितलं. याहून मोठा दाखला कोणता? पुढे मी काही विचारलं नाही. माणसांवर विश्वास ठेवावा.
आता हेतू लिहून ठेवते. शार्लीनला वीस जानेवारीला बाळ होणार, पहिलं. आमची एकुलती एक लेक, आणि नवऱ्याबरोबर, डेलबरोबर, राहते तिकडे ग्रँड प्रेअरीला, दोन दिवसांच्या रस्त्यावर. मागच्या खेपेला मी तिच्याकडे नऊ दिवस राहिले आणि तिचं सगळं स्वयंपाकघर नीट लावून दिलं. नंतर ती बापाला फोनवर म्हणाली की पुढच्या वेळी आईने थोडं कमी राहावं. मला राग आला नाही. फक्त लक्षात ठेवलं. आता आपलं घर आपल्याबरोबर. तिच्या अंगणात उभं करायचं, बोलावलं तरच तिच्या दारात पाऊल टाकायचं. पण बाळाच्या वेळी मी तिथे असणार. मोटेल नको, कुणाला ओझं नको.
आगाऊ कळवायचं नाही. आमच्याकडे पाहुणा कळवून येत नाही. कळवून येतो तो विमेवाला.
नऊ जानेवारीला निघायचं. तोवर हिवाळ्याच्या सोयी एकेक करून तपासायच्या आणि शंभरपैकी गुण द्यायचे. पास पन्नासला. मी बारावी झालेली आहे, परीक्षा कशी घेतात ते मला ठाऊक आहे.

५ नोव्हेंबर. उणे सहा.
हीटर. चौथ्या खेपेला पेटला. वास आला, पण तो जुन्या धुळीचा. तासाभराने मोजलं: डोक्यापाशी एकवीस, पायापाशी तीन. सरासरी बारा. बारा अंशांना मी मे महिन्यात दोरीवर कपडे वाळत घालते. गुण सत्तर.
मेनो म्हणाला, पाय सरासरीत झोपत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार.
उपासनेनंतर शिवणमंडळाच्या बायकांनी विचारलं, नवी गाडी कशी आहे. सांगितलं, माझ्या स्वयंपाकघराइतकी उबदार. वरच्या अर्ध्या भागापुरतं हे अगदी खरं आहे. समोरच्या घरातली टीना पेनर म्हणाली, मग काल आत बसली होतीस तेव्हा अंगात दोन कोट का होते? तिच्या खिडकीतून आमचं सगळं अंगण दिसतं. म्हटलं, एक मेनोचा होता, बटण लावत होते.
घरी येऊन बटण लावलं. खोटं बोलायला नको.

१५ नोव्हेंबर. उणे चौदा.
काचा. दुहेरी आहेत, हिवाळ्यासाठी खास. काल रात्र दोघांनी आत काढली. दहा वाजता काचांवर दव, बारा वाजता धारा, आणि दोन वाजता छतावरून मेनोच्या कपाळावर थेंब. सकाळी सगळं गोठलेलं. मेनोची लोकरी टोपी भिंतीला चिकटली. ओढली तर फाटेल म्हणून तशीच ठेवली. तो बोडक्याने घरात गेला, आणि आजपासून घरातच झोपणार म्हणतो. कारण पाठीचं देतो.
विचार केला. पाणी आलं कुठून? आमच्या श्वासातून. म्हणजे दोष काचांचा नाही, आमचा आहे. यापुढे आत कमी बोलायचं. मेनोला हे जमेल.
गुण पंचावन्न.

१८ नोव्हेंबर. उणे अठरा.
थंडी कुठून येते ते सापडलं! तळाशी आणि छताला जाळीची भोकं आहेत, मुद्दाम ठेवलेली. कुठल्या शहाण्याने हिवाळी गाडीला भोकं ठेवली देव जाणे. जुन्या गोधडीचे तुकडे करून सगळी बुजवली. वीस मिनिटांत पायापाशी नऊ अंश. डोळ्यांत पाणी आलं.
मग घंटा वाजली. विषारी वायूची म्हणे. अतिशय भित्रं यंत्र आहे. मी त्याची बॅटरी काढून ठेवली आणि डोकं जड झालं म्हणून जरा पडणार होते, तेवढ्यात मेनो धावत आला. मला दंडाला धरून बाहेर काढलं, बोळे उपसले, बॅटरी परत बसवली. चाळीस वर्षांत त्याला धावताना मी दोनदा पाहिलं असेल.
मग बर्फात उभा राहून म्हणाला, "अगाथा, या गाडीत नीट चालणारी वस्तू ती एकच आहे. तिला हात लावू नकोस."
प्रभूचे आभार मानले. घंटेला पूर्ण शंभर दिले. त्यामुळे एकूण सरासरी बरीच वर आली.

२२ नोव्हेंबर.
खण पुसताना तळाच्या कागदाखाली जुन्या पावत्या सापडल्या. अकरा वर्षांच्या, सगळ्या नोव्हेंबर ते मार्च. सगळ्या ॲरिझोनाच्या. एकीवर निवडुंगाचं चित्र.
थोडा वेळ पलंगावर बसले.
पण वाळवंटात रात्री कडक थंडी पडते असं शाळेत शिकवलं होतं. शिवाय ते लोक खोटं बोलले नाहीत. अकरा हिवाळे काढले म्हणाले, कुठे ते मी विचारलं नाही. पावत्या चुलीत घातल्या. मेनोला उगाच कशाला त्रास?
पास चाळीसला. नदीपलीकडच्या शाळेत चाळीसच होते.

२९ नोव्हेंबर. उणे एकवीस.
आज पाणी. गॅरेजवाला हार्वी परवाच सांगून गेला होता, काकू, वसंतापर्यंत टाकीत पाणी भरू नका, पिण्यापुरतं कॅनमध्ये न्या. हार्वी चांगला मुलगा आहे, पण त्याने कधी घर चालवलेलं नाही. पाण्याशिवाय घर म्हणजे खोका. टाकी आत आहे, खाली तिला ऊब देणारी गादी आहे, कागदावर तसं छापलं आहे. नव्वद लिटर भरलं. नळाला पाणी आलं! दोन कप धुतले. ऐंशी गुण.

२ डिसेंबर. उणे सव्वीस.
टाकी आत आहे, पण ती रिकामी करायचा नळ बाहेर आहे. गोठला. किटलीभर उकळतं पाणी ओतलं. तेही गोठलं. आता नळ भोपळ्याएवढ्या बर्फात आहे.
मेनो म्हणाला, बादलीने टाकी उपसू, अर्ध्या तासाचं काम. पण भिंतींतल्या नळ्यांतलं पाणी बादलीने कसं निघणार? ते गोठलं की नळ्या फुटणार. तो म्हणाला, हार्वीकडे हवेचा पंप आहे, फुंकून काढेल, दहा मिनिटं. म्हटलं, हार्वीला अजिबात सांगायचं नाही. तो काही बोलणार नाही, पण त्याचा चेहरा बोलेल, आणि कॉफीच्या टेबलावर सगळा गाव तो चेहरा वाचेल.
त्यापेक्षा हीटर बंदच करायचा नाही. सोपं आहे. दोन दिवसांनी सिलिंडर बदलायचा, दर तीन तासांनी बघून यायचं, कारण तो मध्येच विझतो. पेटवायला हात बसला आहे माझा.

७ डिसेंबर, रविवार.
दुपारी शार्लीनचा फोन. डॉक्टर म्हणतात, बाळ नाताळातच येईल असं दिसतं. तिने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढली आहेत, एकोणीस तारखेची. मला न विचारता. म्हणाली, मागची खोली रिकामी केली आहे, पलंग आणला आहे.
मी सांगून टाकलं की आम्ही व्हॅन घेतली आहे, थोडी तयारी राहिली आहे, पण तिला आमचा काहीच त्रास होणार नाही, आम्ही अंगणात राहू.
ती म्हणाली, "आई, मी तुला अंगणात नाही बोलावत. घरात बोलावतेय."
तोंडदेखलं बोलणं मला कळतं. मी तिला लहानपणापासून ओळखते. पण म्हणाली छान.

११ डिसेंबर. उणे अठ्ठावीस.
थकले. पहाटे तीन, सकाळी सहा, मग नऊ. जिना, बूट, कोट, कुलूप, काडी. परत. आज भांडी घासताना उभ्या उभ्या डुलकी लागली. प्रार्थनेत शार्लीनचं नाव घ्यायचं, तिथे हीटरचं घेतलं.
प्रश्न असा आहे. एकोणीसला दोघं गेलो तर गाडीपाशी कोण? दहा दिवस हीटर बघायचा म्हणजे कुणीतरी विश्वासाचं हवं. विश्वासाचं माणूस म्हटलं की टीना. टीना आत आली की तिला काचांवरचा आतला बर्फ दिसणार, भिंतीवरची टोपी दिसणार. आणि मी सगळ्या मंडळासमोर काय सांगितलं आहे ते तिला पाठ आहे.
काहीतरी मार्ग निघेल. अजून आठ दिवस आहेत.

१४ डिसेंबर, रविवार.
टीना आपणहून आली. सॉसेज घातलेलं कोबीचं सार घेऊन. बसली आणि म्हणाली की मेनोकडून कळलं, तिकिटं आली. तुम्ही खुशाल जा, किल्ली माझ्याकडे द्या, मला तशीही पहाटे झोप नसते. मी म्हटलं, छे गं, गाडीला कुणी बघायची गरजच नाही, ती आपली आपण उबदार राहते. टीना म्हणाली, "मग पहाटे तीनला तू तिला ओव्या ऐकवायला जातेस का?"
हसून साजरं केलं. किल्ली दिली नाही. सार चांगलं होतं, मीठ जरा जास्त.

१७ डिसेंबर. उणे एकतीस.
ठरलं. मेनो विमानाने पुढे जाईल. मी इथलं बघून, नळ सुटला की गाडी घेऊन मागून येते. तीन-चार दिवसांचा प्रश्न. हवा बदलेल असं मला आतून वाटतं. शार्लीनला फोन करून सांगितलं, माझं तिकीट रद्द कर. ती म्हणाली, पैसे परत मिळत नाहीत. हे आधी विचारून का घेत नाहीत मुलं?
ती आणखी काही म्हणणार होती. मला हीटर बघायला जायचं होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
पहाटे मेनो गेला. त्याच्या बॅगेत मी विणलेले मोजे, टोपरं, दोन पाव आणि प्लमचा मुरांबा घातला. दारात उभा राहिला, टोपीशिवाय. म्हणाला, "अजून चल. ती गाडी आहे, अगाथा. आजारी माणूस नाही."
म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.
तो म्हणाला, हो, तेही खरं. आणि गेला.
गाडी त्याला न्यायला आली होती टीनाच्या नवऱ्याची. म्हणजे तिलाही कळलं की मी राहिले.

२० डिसेंबर. उणे तेहतीस.
आत पायापाशी चार. शून्याच्या वर, म्हणजे नळ्या सुरक्षित. दिवसभर आतच बसले, सारखं जाण्यायेण्यापेक्षा बरं. विणकाम केलं. बोटं वळत नाहीत म्हणून उसवलं. कॉफी घेतली घरातून आणून, कारण पंप आता नळाला पाणी देत नाही. नळ्यांत पाणी आहे पण.
पास पस्तीसला.
नीट हिशेब केला तर गाडी पास होते. घंटेचे शंभर धरले तर.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी दीड.
मुलगी झाली. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. सहा पौंडाला थोडं कमी. दोघी ठीक. मेनोने सहा वेळा घरचा फोन वाजवला म्हणे. मी व्हॅनमध्ये होते. तेव्हाच हीटर विझला होता आणि पेटत नव्हता.
चर्चला गेले नाही. पेनरांच्या घरावरून जावं लागतं.
विमान कंपनीला फोन केला. अठ्ठावीसपर्यंत एकही जागा नाही.

२३ डिसेंबर. उणे एकोणतीस.
सकाळी नऊला हार्वीचा ट्रक अंगणात. मेनोने जाता जाता त्याला सांगून ठेवलं होतं, पण हार्वीच्या घरी सगळे तापाने पडले होते म्हणून त्याला आजच जमलं. त्याची माफी मागायची पद्धत अशी की टोपी काढून हातात फिरवतो. मला वाटलं होतं त्याचा चेहरा काहीतरी बोलेल. काही बोलला नाही. नळी जोडली, पंप लावला, आतून पाणी फुरफुरत बाहेर आलं, बर्फावर पडून तिथेच गोठलं. टाकीही उपसून दिली. दोन नळ्या चिरल्या आहेत म्हणाला, उन्हाळ्यात बदलू. हीटर त्याने स्वतः बंद केला. नळ्या फुंकायला किती वेळ लागला ते मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर पाहिलं. अकरा मिनिटं.
तो गेल्यावर काय करायचं ते सुचेना. तीन तास झाले तरी कुठे जायचं नव्हतं. झोपले. दिवसाढवळ्या, बुटांसकट.
संध्याकाळी शार्लीनचा फोन. आवाज बारीक झाला आहे, पण बरी आहे. बाळ रात्री दर दोन तासांनी उठतं म्हणाली. मी म्हटलं, दूध झालं की खांद्यावर घ्यायचं, पाठ खालून वर चोळायची, घाई करायची नाही. ती म्हणाली, हो, आई, डेलच्या आईनेही तेच दाखवलं.
डेलची आई आली आहे. रविवारीच आली. खोली तयार होती आणि रिकामी होती, म्हणून डेलने बोलावलं. महिनाभर राहील.
मी म्हटलं बरं झालं, माणूस हवंच घरात. आम्ही वसंतात येऊ. वसंतात ही गाडी उत्तम आहे, हार्वीसुद्धा नाही म्हणणार नाही.
शार्लीन हलक्या आवाजात म्हणाली की त्यांना पलंग मऊ लागतो, उश्या दोन लागतात, आणि खिडकीचा पडदा आवडला नाही. मी काय म्हणते याची वाट बघत होती बहुतेक.
म्हटलं, दुसरी उशी दे त्यांना. पाहुण्याला नाही म्हणू नये.