गोमाळ, सोलर आणि माझं ड्राफ्टिंग

४ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालो. दुसऱ्यांचे कागद पुष्कळ लिहिले, आता स्वतःचा इतिहास लिहायचा. कारण इतिहास घडणार आहे. एका सोलर कंपनीने मला 'लोकसंपर्क सल्लागार' नेमलं. कार्डं छापून आली. धारवाड जिल्ह्यात, अळणावरजवळ त्यांना पन्नास एकर सलग जमीन हवी. चव्वेचाळीस एकर गोमाळ, म्हणजे गावाचं गायरान, आणि त्याला चिकटून माझी सहा एकर. आजोबांच्या काळापासून तिथे कुसळांशिवाय काही उगवलेलं नाही. गोमाळ मिळालं तरच माझी सहा एकर भाड्याने घेणार. तिथल्या गवळ्यांना पटवायचं, बास. आठ दिवसांत उरकतो. श्यामला म्हणाली, आठ दिवसांत तुमचा नळाचा वायसर बदलून होत नाही. बायकोकडे दुर्लक्ष करणे.

७ जानेवारी
पहिली मीटिंग. गवळीवाड्यातला कर्ता माणूस बाबाजी, वय सत्तरच्या पुढे. सगळा व्यवहार सून रेखा बघते. ताक दिलं, उत्तम होतं. पाऊण तास बोललो. प्रदूषण, प्रगती, देश. सगळे माना हलवत होते. माशा फार होत्या, पण सगळ्याच माना काही माशांमुळे हलल्या नसतील.

शेवटी रेखाने विचारलं, पर अण्णा, म्हशी कुठं नेऊ? एका बाजूला जंगलखात्याचा चर, दुसऱ्या बाजूला ऊस. गोमाळ गेलं तर विकायलाच लागतील. मी म्हणालो, पॅनेलच्या सावलीत चरतील की. हे मला तिथल्या तिथे सुचलं. अशी माणसं कंपनीला मिळत नाहीत.

९ जानेवारी
प्रभंजनला फोन. हा कंपनीचा मॅनेजर, हुबळीचा, ऑफिसही तिथेच उणकलला. विचारलं, पॅनेल जमिनीपासून किती उंच? म्हणाला, तीन फूट सर, पण का? म्हटलं, स्ट्रॅटेजी.

टेप घेऊन गेलो. म्हैस, खांद्यापाशी, चार फूट तीन इंच. शिंगं मोजताना असहकार झाला. चष्मा सापडला, काडी उद्या बसवून घेणे. बाबाजी म्हणाला, साहेब, म्हस वाकून बी चरंल हो, पर तिला सांगनार कोन? सगळे हसले. म्हणजे आपुलकी निर्माण झाली. सावलीचा मुद्दा तूर्त बाजूला.

१५ जानेवारी, दुपारी
तिळगूळ घेऊन गेलो. घरोघर दिला. विरोध मावळल्यात जमा.

निघताना रेखाने एक कागद पुढे केला. म्हणाली, अण्णा, तुमी कचेरीत होता न्हवं, जरा बगा की, बरोबर हाय का. सोलरच्या विरोधातला अर्ज! प्रांतसाहेबांना द्यायचा. लिहिलेला तिच्या नवऱ्याने, सतीशने, कन्नडमध्ये, वहीच्या फाटक्या पानावर. विषय नाही, सर्व्हे नंबर नाही, तारीख नाही. सुरुवातच 'आमच्या म्हशी फार गरीब आहेत' अशी. असा अर्ज मी जन्मात टेबलावर घेतला नव्हता. तसाच परत दिला. मनातून आनंद. हा अर्ज कुठेच पोचणार नाही.

१५ जानेवारी, संध्याकाळी
जेवण गेलं नाही. विषय तरी लिहायचा!

१६ जानेवारी
विचारांती निर्णय. ढिसाळ अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो आणि कंपनीचं काम अडतं. नीट लिहिलेला अर्ज पटकन फेटाळता येतो. तेव्हा कंपनीच्या हितासाठी अर्ज परत मागवून सुधारून देतो. फक्त विषय, तारीख आणि सर्व्हे नंबर. बाकी हात लावायचा नाही.

१७ जानेवारी
संदर्भ घातले. संदर्भाशिवाय विषय उघडा वाटतो.

१९ जानेवारी
चार पानं झाली. शंभर जनावरांमागे किती गोमाळ राखायचं याचा नियमच आहे. तो आठवला आणि आठवल्यावर न घालणं हा त्या नियमाचा अपमान झाला असता. मग जनावरांचा आकडा लागतो. रेखा एकशे चाळीस म्हणाली. अंदाजे आकडा मी चालवून घेत नाही. स्वतः जाऊन मोजली, एकशे त्रेसष्ट. रेडकं तिने धरलीच नव्हती! चांगलंच झापलं तिला.

श्यामलाने विचारलं, अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे? म्हटलं, सल्लागाराला बाजू नसते. ती बराच वेळ हसत होती. कारण सांगितलं नाही.

२४ जानेवारी
अर्ज पूर्ण. सहा पानं, चार जोडपत्रं, नकाशा. गोमाळाची जुनी नोंद रेकॉर्डरूममधून मीच काढून आणली, तिथे अजून मान आहे मला. कन्नड असं झालंय की वाचणारा उठून उभा राहील. सतीशने सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. बाबाजीने अंगठा देताना मला नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं. हे कंपनीला कळवण्याची गरज नाही.

३ फेब्रुवारी
प्रभंजनचा फोन. घाबरलेला. म्हणाला, सर री, गवळ्यांनी हुबळीचा कुणीतरी बडा वकील गाठलाय. अर्जात कुठे बोट शिरकवायला जागा नाही, आमचा लीगलवाला रजेवर गेला. मी शांतपणे म्हणालो, कोणीतरी अनुभवी माणूस दिसतो.

दिवस चांगला गेला. फक्त तो 'वकील' शब्द खटकला.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
आज सुनावणी. मी कंपनीच्या बाकावर, प्रभंजनच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. समोर गवळी. प्रांतसाहेब तरुण आहेत. अर्जातला एक अख्खा परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला. म्हणाले, दहा वर्षांच्या नोकरीत असं ड्राफ्टिंग पाहिलं नाही. कोणी केलं?

रेखाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला सांभाळून घेत होती बिचारी. तेवढ्यात प्रभंजन म्हणाला, हुबळीच्या कुठल्यातरी वकिलाचं काम आहे साहेब.

मी उभा राहिलो. आता चौतीस वर्षांची विद्या कुठल्याशा वकिलाच्या नावावर जाऊ द्यायची का? साहेबांनी हात जोडले. प्रभंजनने कपाळाला लावले. जोडपत्र तीनमध्ये एक टायपिंगची चूक राहिली होती, तीही मी साहेबांच्या लक्षात आणून दिली.

१९ फेब्रुवारी
प्रभंजनचा फोन नाही. कामात असेल.

२५ फेब्रुवारी
कंपनीचं पत्र. सल्लागारपद रद्द. पत्रात तीन चुका. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं.

११ मार्च
निकाल. गोमाळ म्हशींचंच राहणार. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात चालली. माझी सहा एकर एकटी पडली, सुटी सहा एकर कोणीच घेत नाही. आदेशातले दोन परिच्छेद जसेच्या तसे माझे. श्यामलाला वाचून दाखवले. तिने दोन्ही नीट ऐकले आणि विचारलं, आता त्या उरलेल्या कार्डांचं काय करायचं? वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, भाड्याच्या पैशांत मी मनातल्या मनात गाडी घेऊन झालो होतो. रंगही ठरला होता.

२ एप्रिल, सकाळी ११
रेखा आणि सतीश धारवाडला घरी आले. लोण्याचा गोळा आणला आणि एक अर्ज. गोमाळावरचं गवत उन्हाळ्यात कमी पडतंय, अण्णांची सहा एकर नाहीतरी मोकळीच आहे, पाऊस पडेपर्यंत म्हशींना तिथे चरू द्यावं. विषय, संदर्भ, सर्व्हे नंबर, तारीख, जनावरं रेडकांसकट. दोघांना चहा देऊन अर्धा तास चूक शोधली.

सापडली नाही. मंजूर.