दर चौदा एप्रिलला मला ताप येतो

२९ मार्च, रविवार

मनातलं लिहा म्हणे! रेवती मॅडमनी आज ग्रुपमध्ये सगळ्यांना वह्या वाटल्या. हिमोफिलियावाल्यांचा ग्रुप — आठ जण, त्यांत धड गुडघे पाच. मॅडम समुपदेशक. आवाज इतका मऊ की झोप येते.

"समाधान, घराबाहेर कुणाला सांगितलंय?"

कुणालाच नाही. मानेसरच्या कंपनीत मी लंगडतो तो क्रिकेटमुळे. लिगामेंट गेलं, नाहीतर स्टेट खेळलो असतो, अशी थाप मारली होती. आता तिथल्या टीमचा कोच आहे. बॅट कधी हातात धरली नाही यार!

मॅडम हसल्या नाहीत. "थकत नाही का?"

थकतो. घ्या, लिहिलं.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी फॅक्टर घेतला. रक्त गोठायला जे लागतं ते माझ्यात नाही, म्हणून बाटलीतून. आई शीर शोधते, मी मूठ आवळतो आणि बाबा उठून बाल्कनीत मनी प्लँटला पाणी घालायला जातात. सुई निघाली की बाबा बाल्कनीत — मी लहान होतो तेव्हापासून. आजवर सहा मनी प्लँट सडले.

९ एप्रिल, गुरुवार

घात झाला! बाबा आमच्या फरीदाबादच्या जयंती समितीचे अध्यक्ष. दर चौदा एप्रिलला हॉलमध्ये रक्तदान शिबिर आणि दर वर्षी बाबांचं ठरलेलं — "समाधानला ताप आहे." अंबादासकाका समितीचे सेक्रेटरी. त्यांनी निष्कर्ष काढला की पोरगा सुईला घाबरतो. भीती मोडायला माझा फोटो टाकून गेटवर सहा फुटी फ्लेक्सच लावला — "प्रथम रक्तदाता : समाधान भाऊराव." मी! सुईला!

आई ऐकून हसत सुटली. मग नुसतीच रडली.

बाबा म्हणाले, "ताप सांगू."

"फ्लेक्स लागलाय, बाबा."

"लुंबिनीचं पक्कं होईस्तोवर तोंड उघडायचं नाही."

लुंबिनी माझी धाकटी बहीण. विनयशी तिचं जुळलंय, त्याच्या घरचे जयंतीला येणार आहेत. हे आईकडून मुलाला येतं. म्हणजे लुंबिनीतही लपलेलं असू शकतं, पुढे तिच्या मुलाला होऊ शकतं. तिच्या टेस्टचा विषय घरात कुणी काढलाच नाही. कोण काढणार?

११ एप्रिल, शनिवार

लुंबिनीला विचारलं, सांगून टाकू का? "रक्त तुझं, बघ तू," म्हणाली आणि नेलपॉलिश लावत बसली. बिल्कुल टेन्शन नाही बाईला!

१३ एप्रिल, सोमवार

थर्मामीटर लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नालायक.

१४ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

अंबादासकाका माइकवर — "अध्यक्षांचे चिरंजीव आज भीतीवर मात करणार!" टाळ्या. पहिल्या रांगेत विनय आणि त्याचे आईवडील. बाबा खुर्चीतून अर्धे उठले, "त्याला जरा ताप —"

मी माइक घेतला. मॅडमनी घोटून घेतलेलं छान वाक्य साफ विसरलो. म्हणालो, "काका, सुईशी माझं रोजचं उठणं-बसणं आहे. मला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर थांबत नाही, सांध्यात आतल्या आत होतं. मला रक्त देता येत नाही. लहानपणी तुमच्यासारख्यांचं घेऊनच जगलोय. तेव्हा माझ्या खाटेवर दुसरं कुणीतरी झोपा."

कुणी टाळी वाजवली नाही. शेवटी अंबादासकाका स्वतःच आडवे झाले आणि सुई बघून घामाघूम! नर्सला त्यांचा हात धरून बसावं लागलं.

विनयकडचे जेवायला थांबले नाहीत. बाबा मला न घेताच घरी निघून गेले. मोकळं मोकळं वाटेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. काही नाही. लुंबिनीचं मोडलं तर मी काय तोंड दाखवू?

१५ एप्रिल, बुधवार

बाबा बोलत नाहीत. मीठसुद्धा आईमार्फत मागतात.

संध्याकाळी विनयचा फोन. लुंबिनीने त्याला वर्षापूर्वीच सांगितलंय! दोघं जाऊन टेस्टही करून आलेत. आहे तिच्यातही. काल घरी जाऊन त्याने आईवडिलांना सगळं सांगितलं. "आई रडली थोडी. मग विचारते, तारीख कधीची धरायची? तुमच्याच घरात एवढी लपवालपवी, दादा, आम्ही दोघं आधी कुठे बोलणार?"

च्यायला! आणि मी इथे हुतात्मा होऊन बसलोय.

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं आणि उठून बाल्कनीत गेले. सुई नव्हती तरी.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी आईने फॅक्टर काढला. बाबा उठले — मला वाटलं, चालले. हात धुऊन आले आणि समोर बसले. "शीला, सरक. मला दाखव."

पहिली शीर चुकली. दुसरीही. मी म्हटलं, बाबा, राहू द्या ना, आई आहे.

"गप्प बस. लुंबिनीला मुलगा झाला तर?"