ड्रायव्हर साईड

सोमवार, ६ जानेवारी
ही गाडी मीच उभी करणार! आसाराममामांना सांगून टाकलं. गॅरेज त्यांचं असलं म्हणून काय झालं! जुनी परदेशी गाडी, नगरच्या एका डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली, टोचनवर आली. हिला स्प्रिंगच नाहीत, तेलाच्या दाबावर उचलली जाते. पुढचा ड्रायव्हरकडचा सिलिंडर गळतोय, म्हणून म्हशीसारखी एका अंगावर बसलीय. मामा म्हणाले, "आपुन हितं सुप्यात कंपनीचे टेम्पो दुरुस्त करतो, ते बरंय. ह्ये लचांड कशाला?" कशाला म्हणजे? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून बाहेर पडलो, तेव्हा डोकं तिथंच ठेवून आलो की काय!

मंगळवार, ७
पुण्याच्या पार्टच्या दुकानात फोन. काउंटरवर रेश्मा म्हणून आहे. "दादा, तेल हिरवं आहे का लाल?" हिरवं. "मग हिरव्या खुणेचाच पार्ट लागेल. लाल तेलाचं रबर हिरव्यात फुगतं." मला माहीत होतं. तरी म्हटलं — नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. काय आवाज आहे!
पण हे "दादा" काढायला पाहिजे.

गुरुवार, ९
सिलिंडरवरचा नंबर गंजून गेलाय. रॉडची जाडी, नळीचं तोंड, सगळं मापून तिला सांगितलं. ती मूळची आपल्या नगरकडच्या कर्जतची निघाली! नवीनच लागलीय. "चुकीचा पार्ट गेला तर मालक सरळ घरी बसवतात हो. फोटो पाठवा ना." म्हटलं, फोटो कशाला, मी आहे ना! हसली. "बरं, डावा-उजवा वेगळा येतो. कोणती साईड?" ड्रायव्हर साईड! ठणकावून सांगितलं.
"ठीक आहे, प्रवीण." दादा नाही — प्रवीण!!

शुक्रवार, १०
मामा म्हणतात, "फोनवर बोलताना केस कशाला इंचरतो रं?"

मंगळवार, १४
संक्रांत. मामी तीळगूळ घेऊन उभी आणि माझ्या तोंडातून शिव्या. पार्ट उलटा आलाय! नळी जिथं हवी तिथं नाही, पकड बाहेरच्या अंगाला. रेश्माला फोन केला, आवाज चढलाच. डावं-उजवं कळत नाही का? ती हळूच, "तुम्ही ड्रायव्हर साईड म्हणालात." मग? ड्रायव्हर साईडच म्हणालो! तिला फोन मालकाकडे द्यायला लावला आणि सुनावलं — असली माणसं काउंटरवर कशाला बसवता?
बरं वाटलं. पाच मिनिटं.

बुधवार, १५
चिडून त्या गाडीतच जाऊन बसलो. हात आपसूक गिअरवर गेला — उजवा हात. स्टेअरिंग डावीकडं!
रोज डोळ्यासमोर होतं. तिला मात्र एकदाही सांगितलं नाही. आपल्याकडं ड्रायव्हर साईड म्हणजे उजवी, तिनं उजवीच पाठवली. पोरीची काही चूक नाही. गाढव मी.
मामांना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता फोन कर. पोरीचं काम जाईल." करणारच आहे. पण कुठल्या तोंडानं बोलू? दुसऱ्या दुकानातून डावा मागवलाय. आधी गाडी उभी करतो. मग सांगण्यात दम राहील. माफीही मागेन, आणि जमलं तर बाकीचंही बोलून टाकेन.

सोमवार, २०
बसला! चपखल! हिरवं तेल भरलं, इंजिन चालू केलं — आधी मागून उठली, मग पुढून, सावकाश, एका पातळीत. मामांनी पाठीवर असा रट्टा मारला की डोळ्यांत पाणी. "हाय बाबा तुझ्यात कायतरी!" आहेच! उद्या दुकान उघडल्या-उघडल्या रेश्माला फोन.

मंगळवार, २१
दुसऱ्याच मुलीनं उचलला. "रेश्मा? तिला शुक्रवारीच काढलं. कुणा गॅरेजवाल्याची तक्रार होती म्हणे. आपण कोण बोलताय?"
फोन ठेवला. तिचा स्वतःचा नंबर मी कधी मागितलाच नाही.