पुढची खोली आणि आठवड्याचा आणा

मी बंडप्पा सिद्धलिंग कोरे, वय अंदाजे बासष्ट, धंदा हमाली, राहणार मुरुम, निजाम इलाखा, माझ्यामागे तंटा होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याची खात्री वैद्यांनी दिली आहे. छातीची खात्री ते देत नाहीत. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून हे करीत नाही. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आणि आमच्या हमाल सभेचे चिटणीस लिंबाजी लिहून घेतात. कचेरीतला कारभार उर्दूत चालतो, पण माझा शेवटचा कागद मला स्वतःला वाचता आला पाहिजे, म्हणून हा मराठीत आहे. गेल्या महिन्यात असाच एक कागद केला होता. तो फाडला. का फाडला ते पुढे येईल.

१. मला मूलबाळ नाही. पत्नी इरम्मा हाच माझा सगळा संसार. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. या काळात मी तिला दोन वेळा रागाने बोललो, दोन्ही वेळा चूक माझी होती. लिंबाजी म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवा म्हणून सांगितले.

२. रोख शिल्लक निजामाच्या हाली सिक्क्याचे एकशे चौदा रुपये, ज्वारीच्या कणगीत तळाशी गाडग्यात आहेत. इरम्माला हे ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. काल सांगितले तर म्हणाली, "अवं, दर दिवाळीला म्याच कणगी पुसते. गाडगं काय आपुआप सरकतंय व्हय?" यातले तीस रुपये कलम तीनप्रमाणे द्यावेत. वीस रुपयांत माझी माती करावी, जेवणावळ घालू नये. उरलेले चौसष्ट इरम्माचे.

३. बिराप्पा, पूर्वी पेठेत माझ्या जोडीचा हमाल, हल्ली सोलापुरात गिरणीत कामाला, यास तीस रुपये पोचते करावेत. तो घेणार नाही. तरी द्यावेत. कारण सांगतो.

सभा काढली तेव्हा आठवड्याला एक आणा वर्गणी ठरली आणि गोळा करायचे काम माझ्याकडे आले. मला त्या कामाची फार लाज वाटे. दिवसभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाच्या दारात जाऊन हात पुढे करायचा, आणि त्याची बायको चुलीजवळून बघत असायची. कितीदा मी दारातूनच खुशाली विचारून परतलो. शेवटी मी नको तिथे डोके चालवले. ज्या मोठ्या अडत दुकानातून आम्हाला हमाली मिळे, तिथले मुनीम कोंडीराम यांना म्हटले, तुम्हीच हमाली चुकती करताना माणशी आणा कापून घ्या, रक्कम तुमच्याच पेटीत राहू द्या, लागेल तेव्हा नेऊ. मुनीम म्हणाले, "बंडप्पा, तुमच्यासाटी एवढं बी करणार न्हाय व्हय?" आणि सभासदांची यादी मागून घेतली. मी आनंदाने दिली. पहिले नाव बिराप्पाचे होते, कारण सगळ्यांत आधी तोच सभासद झाला होता.

सात महिने सुखाचे गेले. मी घरी पाय पसरून बसू लागलो. कोणाच्या दारात जाणे नको, काही नको. मग फसली १३५४ साली, म्हणजे दोन वर्षांमागे, आम्ही पोत्यामागे दर वाढवून मागितला आणि काम बंद ठेवले. घरोघरी ज्वारी देण्यासाठी पैसे हवेत म्हणून मुनिमांकडे गेलो. ते म्हणाले, शेठ परगावी आहेत, त्यांच्या हुकमाशिवाय पेटी उघडता येत नाही. शेठ वर माडीवर खोकत होते, ते आम्हाला खाली ऐकू येत होते. नवव्या दिवशी आम्ही जुन्याच दराने पोती उचलली. यादी मुनिमांच्या हातात होती; तिच्यात ज्याचे नाव वर त्याला पेठेत काम मिळेना. बिराप्पा बायकोला घेऊन सोलापूरला निघाला. जाताना घरी आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आप्पा, मनाला लावून घिऊ नका." मी लावून घेतले आहे. ते तसेच बरोबर नेणार.

त्यानंतर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः सभासदांच्या त्रेपन्न घरी फिरू लागलो. आणा मागायचा आणि तिथेच दोन शब्द बोलत बसायचे. कोणाचे पोर तापाने पडले, कोणाची पाठ धरली, कोण सभेवर रुसला, हे मला तेव्हापासून कळू लागले. मुनिमांच्या पेटीतून यातले काहीच कळत नव्हते. दीड वर्षाने आम्ही पुन्हा काम बंद केले तेव्हा पैसे आमचे, आमच्याच हाताशी होते. अकराव्या दिवशी दर वाढला. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस, लग्नाचा सोडून.

४. मुनीम कोंडीराम यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करीत नाही, माझ्याबरोबर संपू द्यावा. त्यांना माझ्या मातीला यायला मनाई नाही. मात्र खांदा देऊ नये. ओझे उचलायची त्यांना सवय नाही, उगीच कमरेत उसण भरेल.

५. पोती ओढायचा माझा लोखंडी आकडा लिंबाजींनी घ्यावा. ते लिहिण्याच्या कामाचे असले तरी आठवड्यातून एक दिवस पोते उचलावे, म्हणजे काय लिहितो आहोत याचे भान राहील. हे वाक्य त्यांनी तोंड वाकडे करून लिहिले आहे.

६. घर. पेठेमागे माझे स्वकष्टाचे दोन खोल्यांचे धाब्याचे घर आहे. फाडलेल्या कागदात पुढची खोली मी हमाल सभेला कायमची बक्षीस दिली होती. सभेला बसायला जागा नाही. उघड्यावर दहा माणसे जमली की चौकीवरून बोलावणे येते, आणि पेठेत आम्हाला कोणी ओटासुद्धा देत नाही. माझ्या चुकीने सभा एकदा बुडाली होती, तिला घर देऊन मरावे अशी माझी फार इच्छा होती. दुसरे काही मागणे उरले नव्हते.

कागद ऐकायला धुरपदाबाईंना बोलावले. त्या पेठेत धान्य चाळायला जातात आणि आता सभेच्या खजिनदार आहेत. अक्षरओळख नाही, पण हिशेबात पै चुकत नाही. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आप्पा, हे आमाला घेता यायचं न्हाय."

मी म्हटले, का?

"खोली फुकट मिळाली म्हटल्यावर आणा कोण दील? उद्या खोली तुमची म्हणून तुमच्या माणसाचं ऐकावं लागल. आपल्या आण्यात भागतंय तेवढंच आपलं."

मी चिडलो. म्हटले, मी काय शेठ आहे?

त्यांनी डोळ्याला पदर लावला. "न्हाय, म्हणून तर जड जातंय. शेठला न्हाय म्हणणं लई सोपं व्हतं."

मी भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी इरम्मा पेज घेऊन आली आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, "त्या खोलीत म्या इतकी वर्सं चूल पेटवली. दिऊन टाकताना मला इचारलं का? तुमच्यामागं म्या काय खायाचं, ते कुठल्या कलमात हाय?"

कुठल्याच कलमात नव्हते. त्रेपन्न घरांची विचारपूस करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात विचारायचे सुचले नाही. मी तिचा हात धरला आणि रडलो. ती म्हणाली, "आता रडू नका, पेज निवतीया."

मग तिनेच धुरपदाबाईंना बोलावले. म्हणाली, "खोली फुकट न्हाय. म्हैना दोन रुपयं भाडं. थकलं तर कुलूप." धुरपदाबाई दीड रुपयावर अडून बसल्या. दोघी माझ्या उशाशी बसून माझ्याच घराचा भाव करत होत्या आणि मी पडल्या पडल्या ऐकत होतो. इतके बरे मला महिन्यात वाटले नव्हते. पावणेदोन रुपयांवर सौदा ठरला. सबब दोन्ही खोल्यांसह सबंध घर इरम्माच्या मालकीचे. पुढच्या खोलीत हमाल सभा भाड्याने राहील, भाडे वर्गणीतून देईल आणि पावती घेईल. सभेला माझ्या घरावर हक्क नाही आणि माझ्या घरच्यांना सभेवर हक्क नाही.

७. एवढे झाल्यावर मी विचारले, मग सभेने माझ्याकडून काय घ्यायचे? धुरपदाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाल्या, "तुमचं तीन आठवड्याचं तीन आणं राह्यलंत, आप्पा. तुमी आजारी, मागायची लाज वाटली."

मी म्हटले, लाज वाटली म्हणूनच आपण एकदा बुडालो. तीन आणे आज दिले, पावती घेतली. ज्या आठवड्यात मी जाईन, त्या आठवड्याचा आणा इरम्माने द्यावा. त्यापुढचा कोणीही माझ्या नावाने दिला तरी सभेने घेऊ नये. मेलेला माणूस सभासद नसतो.

वरील सात कलमे मला दोनदा वाचून दाखवली. कुठे मन मागे घेत नाही. आधीचा कागद रद्द समजावा. सभेला या कागदाने काही मिळत नसल्यामुळे धुरपदाबाईंना साक्षीला बसता आले, याचा मला आनंद आहे.

मुक्काम मुरुम, फसली सन १३५६, इंग्रजी तारीख ९ मार्च १९४७.

सही: बंडप्पा सिद्धलिंग कोरे

साक्षीदार:
१. धुरपदाबाई, धंदा धान्य चाळणे, निशाणी डावा अंगठा
२. भीमाशंकर, शेजारी, तेलाचे दुकान, सही

लेखक: लिंबाजी, चिटणीस, हमाल सभा

(खाली लिंबाजींच्या हाताने) ता. २ एप्रिल १९४७. चालू आठवड्याचा एक आणा इरम्माबाईंकडून पावला, पावती दिली. बंडप्पा यांचे नाव कमी केले. इरम्माबाईंनी पुढच्या आठवड्याचाही आणा पुढे केला होता. धुरपदाबाईंनी तो त्यांच्या मुठीत परत घातला आणि मूठ बराच वेळ धरून ठेवली.