जिन्याखालचा फलाहार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक (म्हणजे मी उभी आहे आणि तुमचे दादा आडवे आहेत).

दादांना फळांची वाइन करायचा नाद लागला होता, हे तुमच्या कानावर असेलच. सलून बंद करून आले की जिन्याखाली बरण्यांपाशी बसायचे. पेरू, अननस, सफरचंद... बाजारात टाकून दिलेलं कुठलंही फळ आमच्याकडे आश्रयाला यायचं. मी बोलले की म्हणायचे, "अगं, दारू कसली? फलाहार आहे हा!" आधी जेवणापूर्वी एक पेला, मग जेवणानंतर, मग जेवणच नको. पेरूची बरणी फुटली तेव्हा जिन्यावरच्या मुंग्यासुद्धा रांग सोडून चालत होत्या.

मग हात थरथरायला लागले. वस्तरा धरणारा हात, वन्सं! मुख्याध्यापकांची अर्धी मिशी उडाली. (बिचारे उरलेली अर्धीही काढून घेऊन गेले ते गेलेच.) शेवटी एका गिऱ्हाइकाने आरशात बघत विचारलं, "मालक, तुमचे डोळे एवढे पिवळे का?" जन्म आरशासमोर काढला, पण या माणसाला स्वतःकडे बघायला सवड नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दारू घेता का? हे बाणेदारपणे म्हणाले, "थेंब नाही. फक्त फळांची वाइन." बाई म्हणाल्या, "काका, यकृताला फळ कुठलं ते कळत नाही हो." तर यकृत गेल्यात जमा आहे, आणि त्याच्यापाठोपाठ किडन्याही रुसल्यात. पाय सुजलेत, पोट टम्म झालंय.

बरण्या त्यांनी स्वतःच मोरीत ओतल्या. शेवटची ओतताना मोरीला म्हणाले, "बाई, तू तरी जपून घे." त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत. आता त्यांची दाढी मी करते. पहिल्याच दिवशी गाल कापला. म्हणाले, "अशानं गिऱ्हाईक तुटेल हं." आणि माझं मनगट धरून लहान मुलासारखे रडले.

तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. : उत्तराची घाई नाही. पण लगेच लिहा.

आणखी एक : डॉक्टरीणबाई म्हणतात, यकृताचा तुकडा दिला तर देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. माझं जुळलं नाही. "धाकटीला विचारायचं नाही," अशी शपथ त्यांनी मला घातलीय, म्हणून मी विचारत नाहीये. नुसता तुमचा रक्तगट कळवा.